८×५०आर मॅन्लिकरसाठी मोसिनच्या केसेस चालतील का?

टेक्सासकर

नमस्कार मंडळी. इथे रिलोडिंग (केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत, परत दारू-गोळी भरणं) करणारे अमेरिकेतले दोनचार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं म्हणून विचारतोय.

माझ्याकडे एक स्टायर मॅन्लिकर एम ९५ आली आहे, लांब रायफल, आणि विशेष म्हणजे ती कन्व्हर्ट न केलेली आहे, म्हणजे चेंबरवर (बॅरलचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) कन्व्हर्शनचा एस किंवा एच शिक्का काहीच नाही. बहुतेक एम ९५ तीसच्या दशकात ८×५६आर करून टाकल्या त्यामुळे मूळ ८×५०आर मधली मिळाली याचा आनंद खूप, पण काडतूस कुठून आणायचं हा प्रश्न तसाच. तयार ब्रास (रिकाम्या केसेस) कुठे दिसलीच तर आउट ऑफ स्टॉक, आणि एखाद्याकडे असलीच तर किंमत ऐकून गप्प बसावं लागतं.

या काडतुसात माझा जीव अडकायचं दुसरं कारण सांगतो. आमच्या गावी आजोबांकडे लायसन्सची ३१५ बोअरची रायफल होती, शेतात डुकरं यायची त्यासाठी घेतलेली. लहानपणी फक्त बघायची परवानगी होती, हात लावायची नाही. इथे आल्यावर वाचलं की आपली ३१५ म्हणजे व्यवहारात हेच ८×५०आर मॅन्लिकर, लष्करी बोअर म्हणून थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला मिळत नव्हती तेव्हा हे काडतूस भारतात रुळलं आणि ईशापूरच्या कारखान्यात त्याच्या रायफली बनत राहिल्या. ऑस्ट्रियाच्या सैन्याचं काडतूस आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर कसं पोचलं याचं मला अजून नवल वाटतं.

तर मुद्द्याचं. वाचलंय की मोसिन नागांतच्या ७.६२×५४आर केसपासून ही केस बनवता येते. माझ्याकडे ८×५०आर चा फुल लेंग्थ डाय सेट (केस दाबून मापात आणायचे साचे) आहे, सिंगल स्टेज प्रेस आहे, ट्रिमर आहे, कॅलिपर आणि मायक्रोमीटर आहे, लेथ नाही पण एका मित्राकडे आहे. थर्टी ऑट सिक्स आणि ३०८ बरीच वर्षं रिलोड करतोय, पण एका काडतुसाची केस दुसऱ्यात बदलणं कधी केलेलं नाही. मला नुसती स्टेप्सची यादी नकोय, कुठे काय बिघडू शकतं आणि का बिघडतं ते समजून घ्यायचंय. रायफल शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे आणि डोळे माझेच आहेत. पावडरच्या वजनाचं मी पुस्तकातून बघेन, ते विचारत नाही.

---

ओहायोचा लेथवाला

चालतात. मी याच केसेसवर ही रायफल चालवतो आणि समाधानी आहे. सविस्तर लिहितो कारण तुम्ही ‘का बिघडतं’ हे विचारलंय, आणि तेच विचारायला हवं.

आधी एक गोष्ट पक्की धरा, पॅरेंट केस, म्हणजे जिच्यापासून नवी बनवायची ती मूळ केस, निवडताना बूड बघायचं. मान, खांदा, लांबी हे सगळं डायमध्ये दाबून, ओढून, कापून बदलता येतं, पण केसचं बूड, म्हणजे रिम (तळाची बाहेर आलेली कड), प्रायमर पॉकेट (ठिणगी देणारी टोपी, म्हणजे प्रायमर, बसते तो खळगा) आणि त्याच्या वरची जाड भिंत, हे आपल्या घरच्या प्रेसवर बदलत नाही आणि बदलायचा प्रयत्नही करायचा नसतो. गोळी सुटते तेव्हा केसचा बाकी भाग चेंबरच्या भिंतीला चिकटून बसतो, त्याला स्टीलचा आधार असतो, बुडाला मात्र स्वतःच्या जिवावर उभं राहावं लागतं. म्हणून ज्याचं बूड जुळतं तोच पॅरेंट.

आता ५४आर चं बूड ८×५०आर शी कितपत जुळतं बघा. अंगाचा व्यास बुडाजवळ ५४आर चा १२.३७ मिमी धरतात, मॅन्लिकरचा १२.५ च्या आसपास. म्हणजे पॅरेंट किंचित बारीक आहे, पहिल्या फायरिंगला तो चेंबरभर फुगतो आणि बसतो, एवढ्या फरकाने काही होत नाही. रिमचं उलट आहे. ५४आर ची रिम साधारण १४.४ मिमी, मॅन्लिकरची १४.१, म्हणजे पॅरेंटची रिम मोठी. काही रायफलींमध्ये तशीच बसते, काहींमध्ये बोल्ट फेसला (बोल्टचं तोंड, जिथे केसचं बूड टेकतं) किंवा क्लिपमध्ये (काडतुसं एकत्र धरणारी पट्टी) अडते. म्हणून सगळ्यात पहिलं काम, काहीही कापाकापी करायच्या आधी, एक रिकामी डीप्राइम केलेली (प्रायमर काढलेली) ५४आर केस बोल्ट फेसला हाताने लावून बघा आणि क्लिपमध्ये सरकवून बघा. अडत असेल तर मित्राच्या लेथवर फक्त बाहेरचा घेर कमी करा. रिमच्या जाडीला हात लावायचा नाही, विशेषतः पुढच्या बाजूने अजिबात नाही, कारण रिमवाल्या काडतुसाचा हेडस्पेस (काडतूस जिथे अडतं तिथपासून बोल्टपर्यंतचं अंतर) त्या रिमवरच असतो. रिम पातळ केली तर केस पुढे सरकते, फायर झाल्यावर मान आणि खांदा पुढे चिकटतात आणि बूड मागे जातं, मधली भिंत ताणली जाते. दोनचार वेळा असं झालं की केस बुडाच्या थोडी वर तुटते.

केसेस कुठल्या घ्यायच्या. बॉक्सर प्रायमरच्या (मधोमध एकच भोक असलेल्या), पितळेच्या. लापुआ, प्रवी पार्टिझान, सेलिये बेलो असल्या. सरप्लसच्या डब्यातल्या ५४आर बहुतेक स्टीलच्या आणि बर्डन प्रायमरच्या असतात, त्या बाजूला ठेवा. बर्डनमध्ये मधोमध भोक नसतं, बाजूला दोन असतात, डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) मोडते आणि शिवाय स्टील या कामाला येतच नाही. सगळ्या केसेस एकाच कंपनीच्या आणि एकाच लॉटच्या घेतल्या तर पुढचं सगळं मोजमाप सोपं जातं, मिसळ करू नका.

आता घडवणं. मी आधी मान नरम करून घेतो (अनील), मग ८×५०आर च्या फुल लेंग्थ डायमध्ये घालतो. डायच्या आधी ल्यूब (वंगण) नीट, पण खांद्यावर ल्यूब साचली तर तिथे खड्डा पडतो, म्हणून बोटाने पातळ थर. एका झटक्यात आत दाबू नका, थोडं आत, बाहेर, परत थोडं आत. जोर फार लागला तर थांबायचं, केस काढायची, पुसायची, परत ल्यूब करायची. अडकलेली केस डायमधून काढण्यात संध्याकाळ जाते. मानेचा व्यास पॅरेंटमध्ये तीनशेअकरा हजारांश इंचाच्या गोळीचा असतो, आपल्याला तीनशेतेवीसचा हवा, म्हणून टेपर असलेला एक्सपांडर (मान आतून रुंद करणारा दांडा) वापरा, सरळ बॉलने ओढलं तर मान वाकडी होते किंवा कड चिरते.

मग कापणं. ५३.७ वरून ५०.३ मिमीपर्यंत यायचं असतं. आधी थोडी जास्त ठेवून कापा, फायनल लांबी साइझिंग झाल्यावर ट्रिमरवर आणा, मग आतून बाहेरून चॅम्फर करून (कड तिरकी घासून) बर, म्हणजे कापताना राहिलेली कूस, काढून टाका. शेवटी ल्यूब पूर्ण पुसायची, एक थेंबही ठेवायची नाही. तेलकट केस चेंबरला चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो, आणि एम ९५ सारख्या सरळ ओढायच्या बोल्टवर मला तो नको असतो.

सगळ्यात जास्त जिथे लोक दुर्लक्ष करतात ते म्हणजे मानेची जाडी. केस लांबीला कापली की जी नवी मान होते तिच्यात पॅरेंटच्या खांद्याजवळचं पितळ येऊ शकतं, आणि ते तोंडाकडच्या पितळापेक्षा जाड असतं. मान जाड असेल तर गोळी बसवल्यावर काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसतं, फायर होताना मानेला फुगायला जागा राहत नाही, गोळी सुटत नाही आणि प्रेशर एकदम वर जातं. याला लोड कमी ठेवणं हा उपाय नाही. तपासायची सोपी रीत: हलक्या लोडने फायर केलेल्या केसच्या तोंडात नवी गोळी हाताने सोडून बघा. सहज आत गेली पाहिजे. अडली तर मानेला आतून रीम करा (खरवडा) किंवा बाहेरून टर्न करा (फिरवून तासा), तोवर पुढची फायर नाही. आणि पहिली फायर करायच्या आधीच, डमी काडतूस (प्रायमर नाही, पावडर नाही) चेंबरमध्ये घालून बोल्ट बोटाच्या जोराने बंद होतो का ते बघा, मानेवर मार्करने काळं केलं असेल तर कुठे घासतंय तेही दिसतं.

---

खडकीवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, विशेषतः बुडाबद्दल. माझं आयुष्य खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेलं, रिटायर होऊनही आता बराच काळ झाला. तिथलं आतलं काही लिहिणार नाही, पण पितळेबद्दल जे कुठल्याही मेटलर्जीच्या पुस्तकात आहे ते लिहितो, कारण रिलोडिंगवाल्या मुलांना स्टेप्स पाठ असतात पण पितळ काय करतं ते कुणी सांगत नाही.

काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पट्टीतून गोल चकती कापतात, तिची वाटी करतात, ती वाटी पंचाने डायमधून ओढून लांब करतात, अशी एकामागून एक ओढणी. प्रत्येक ओढणीला पितळ कडक होतं. कडक झालेलं पितळ तसंच पुढे ओढलं तर फाटतं, म्हणून मधेमधे भट्टीत घालून नरम करायचं, ॲसिडने धुवायचं, परत ओढायचं. शेवटी बुडाला मोठ्या दाबाखाली ठोकून हेड बनवतात, हेडस्टॅम्प तिथेच पडतो, आणि त्या ठोकण्याने बूड मुद्दाम कडक केलेलं असतं. ते कडक राहावं हीच इच्छा असते. मान आणि खांदा मात्र शेवटी परत नरम केलेले असतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर जो निळसर तपकिरी डाग दिसतो तो त्या शेवटच्या तापवण्याचा, तो मुद्दाम पॉलिश न करता तसाच ठेवतात म्हणजे तापवलं आहे हे बघणाऱ्याला कळतं. नव्या मुलांना तो डाग म्हणजे जुनं किंवा जळकं काडतूस वाटतं.

म्हणजे एकाच केसमध्ये कडक बुडापासून नरम तोंडापर्यंत उतरता कडकपणा असतो. तुम्ही घरी जे करताय, डायमध्ये दाबणं, मान रुंद करणं, ती एक छोटी ओढणीच आहे. त्यानेही पितळ कडक होतं, आणि आतमध्ये ताण साठून राहतो. बाहेरून केस चकचकीत दिसते, ताण दिसत नाही.

या साठलेल्या ताणाची एक गोष्ट आपल्या देशातलीच आहे आणि ती प्रत्येक रिलोडरने लक्षात ठेवावी. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवून ठेवायचे, कारण त्या दिवसांत मोहिमा थंडावलेल्या असायच्या. पावसाळा संपला की बघावं तर पितळेच्या केसेसना चिरा. कुणी ऋतूचा दोष समजे, म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये उलगडलं: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि केस ओढताना पितळेत राहून गेलेला ताण, या तिघांची गाठ पडली की पितळ चिरतं. अमोनिया एकटा काही करत नाही, ताण एकटाही करत नाही. उपाय निघाला तो ताण घालवण्याचा, म्हणजे तापवण्याचाच.

म्हणून तुमच्यासाठी दोन गोष्टी. घडवलेल्या केसेसना अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश लावू नका, बाजारातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये तो असतो, बाटली वाचून घ्या. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात धुवा किंवा कोरड्या मीडियात (घासणाऱ्या दाण्यांत) फिरवा, पुरे. आणि मान रुंद केल्यावर, सगळं घडवून झाल्यावर, परत एकदा मान तापवा. आधी एकदा आणि नंतर एकदा. बरेच जण फक्त आधी करतात.

तापवायचं कसं. केस बुडाशी बोटांत धरून टॉर्चच्या ज्योतीत मान फिरवत राहा. बोटाला चटका बसला की सोडायची, याच्यासारखं साधं मोजमाप नाही, कारण बोटापर्यंत उष्णता आली म्हणजे आता बूड तापायला लागणार. खोलीत उजेड कमी ठेवा, मान लाल चमकायला लागली म्हणजे जास्त झालं. जास्त अचूक हवं असेल तर ठरलेल्या तापमानाला वितळणारा लॅकर मिळतो, चारशे अंश सेल्सिअसच्या आसपासचा, तो मानेच्या आतून लावा. पाण्यात टाकायची ती फक्त उष्णता खाली उतरू नये म्हणून, पोलादासारखं पितळ पाण्यात टाकल्याने कडक होत नाही. आणि बूड नरम झालेली केस, एकच असली तरी, ठेचून भंगारात टाका.

---

टेक्सासकर

काका, ओहायोचे दादा, दोघांचे मनापासून आभार. तबेल्याची गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. घरातलं पॉलिश बघितलं, बाटलीवर अमोनिया लिहिलंय, ते आता केसेसच्या जवळपासही आणणार नाही.

दादांनी सांगितलं तसं डीप्राइम केलेली ५४आर बोल्ट फेसला लावून बघितली. बोल्टमध्ये बसते पण क्लिपमध्ये घट्ट होते. म्हणजे रिम थोडी कमी करावी लागणार, बाहेरूनच, लक्षात आहे.

मधे एक नवीन प्रश्न उभा राहिलाय. शिशाची गोळी बॅरलमधून ठोकून काढली आणि मोजली. ग्रूव्हचा (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांचा) व्यास तीनशेएकोणतीस हजारांश इंच आला. मी तर तीनशेतेवीसच्या गोळ्या घेऊन बसलोय, आठ मिमी माउझरच्या, कारण सगळीकडे ८×५०आर ची गोळी .३२३ लिहिलेली असते. मोजण्यात चूक आहे का?

---

ओहायोचा लेथवाला

मोजण्यात चूक नसावी. एम ९५ ला चार ग्रूव्ह आहेत, समोरासमोर येतात, म्हणून मायक्रोमीटरने सरळ मोजता येतं. थ्री नॉट थ्री एनफिल्डला पाच असतात, तिथे मोजणं अवघड जातं, इथे नाही. परत दोनदा मोजून घ्या, पण मला आकडा खरा वाटतो.

याचं कारण असं की ती .३२३ ची मूळ गोळी या बॅरलला खरं तर ढिली होती. पुढे ८×५६आर आलं तेव्हा त्यांनी गोळीच .३२९ ची केली, आणि कन्व्हर्शनमध्ये जुनी बॅरलं टाकून नव्या लावल्या असं नाही, तीच बॅरल आखूड करून चेंबर मोठा केला. म्हणजे बॅरल पहिल्यापासून तेवढंच मोठं होतं. तुमच्या रायफलीत .३२३ गोळी सुटेल, पण बाजूने गॅस निसटेल आणि टार्गेटवर छर्रे मारल्यासारखे भोकं दिसतील, काही आडवी पण.

दोन रस्ते. पहिला, शिशाची कास्ट गोळी .३३० ला साइझ केलेली, हळू वेगाने. जुन्या रायफलीला हाच रस्ता मला सगळ्यात आवडतो, बॅरलही टिकतं आणि केसही. दुसरा, ८×५६आर साठी मिळणाऱ्या .३२९ किंवा .३३० च्या जॅकेटेड गोळ्या. पण दोन्हीत एक गोष्ट, आणि ही मोठी आहे: गोळी मोठी झाली म्हणजे मानही बाहेरून मोठी झाली. चेंबरचा नेक (केसची मान बसते तो भाग) .३२३ च्या गोळीसाठी कापलेला असेल तर सात हजारांश इंच तुम्ही आतूनच खाल्ले. वर लिहिलेली मानेची तपासणी आता ऐच्छिक राहिली नाही. चेंबर कास्ट करून बघा, सेरोसेफ मिळतं, कमी तापमानाला वितळतं, ओतून काढलं की नेकचा नेमका व्यास कळतो. मग काडतुसाच्या मानेचा व्यास त्याच्यापेक्षा कमीत कमी दोन हजारांश इंच लहान राहील इतकी मान टर्न करा. आणि उलट चूक कधीच नको, .३३० ची जॅकेटेड गोळी .३२३ च्या बॅरलमध्ये. भारतातल्या ३१५ रायफलीचं बॅरल वेगळं बनलेलं असू शकतं, म्हणून एकाची गोळी दुसऱ्यात असा हिशेब नाही.

दुसरं, ज्यांच्याकडे ८×५६आर च्या केसेस पडून आहेत त्यांना त्याही ५० ला कापून वापरता येतात, अंगाचं आणि रिमचं माप तर घरातलंच आहे, रिम टर्न करायचं काम वाचतं. प्रवी पार्टिझान त्या अजून बनवतं. पैशाने महाग पडतात एवढंच. जुन्या १९३८ च्या गरुडछापाच्या क्लिपा मात्र कलेक्टरकडे जाऊ दे, त्या बर्डन आहेत.

---

माणदेशी

वाचून फार छान माहिती मिळाली. आमच्याकडे लायसन्सची ३१५ आहे, वडिलांच्या नावावरची आता माझ्या नावावर. काडतूस मिळायला फार त्रास होतो, कोटा कमी, दुकानात महिनोनमहिने माल नसतो, आणि डुकरांनी मका एका रात्रीत आडवा केलेला असतो. रिकाम्या पुंगळ्या घरी आहेत. तुम्ही सांगता तसं इथे भरून घेता येईल का? गावात एक लोहार आहे, हाताला फार चांगला आहे.

---

खडकीवाला

नाही. आणि हे कळकळीने सांगतो, कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ स्पष्ट आहे, शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला वेगळं लायसन्स लागतं, आणि तुमच्याकडे आहे ते शस्त्र बाळगायचं लायसन्स. ते काडतूस भरायला चालत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री पण येते, त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या लोहाराकडे नेऊन ठेवणं म्हणजे तुम्हाला आणि त्याला दोघांना अडचणीत आणणं. पिढ्यानपिढ्याचं लायसन्स एका पुंगळीपायी जाईल. वर टेक्सास आणि ओहायोवाले जे करतात ते तिथल्या कायद्यात बसतं म्हणून करतात.

आणि कायद्याच्या पलीकडचं. लोहाराचा हात कितीही चांगला असो, तुमच्या घरच्या पुंगळ्या बर्डन प्रायमरच्या असण्याची शक्यता मोठी, प्रायमर इथे खुल्या बाजारात मिळत नाही, आणि जे मिळतं ते काय आहे कोण सांगणार. कोट्याचा प्रश्न खरा आहे, तो जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी मांडा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे जोडून कोटा वाढवून मागता येतो. चारपाच शेजारी मिळून अर्ज केलात तर जास्त चांगलं. डुकरांच्या नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे वेगळा अर्ज असतो, तोही भरा.

---

माणदेशी

बरं झालं विचारलं. पंचनाम्याचं डोक्यातच आलं नव्हतं, तलाठ्याला उद्याच भेटतो. धन्यवाद काका.

---

न्यूजर्सीकर

उशिरा आलो पण एक भर घालतो, कारण ज्यांची रायफल रिमलेस काडतुसाची आहे त्यांना वरचं सगळं तसंच्या तसं लागू होणार नाही.

मी जपानी टाइप ९९ साठी ७.७ अरिसाकाच्या केसेस थर्टी ऑट सिक्सपासून बनवतो. बुडाचा नियम तोच, रिम आणि अंग जवळजवळ सारखं आहे म्हणून ही जोडी जमते, ६३.३ मिमीची केस ५८ च्या आसपास आणायची. पण रिमलेसला हेडस्पेस रिमवर नाही, खांद्यावर असतो. म्हणजे साइझिंग करताना डाय गरजेपेक्षा जास्त खाली आली आणि खांदा जास्त मागे गेला तर काडतूस चेंबरमध्ये सैल. टेक्सासकरांच्या मॅन्लिकरला रिम वाचवते, माझ्या अरिसाकाला कोणी वाचवणारं नाही. त्यामुळे मी डाय थोडी वर ठेवून सुरुवात करतो आणि पाव पाव वळसा खाली आणतो, प्रत्येक वेळी केस रायफलीत घालून बोल्ट बंद करून बघतो, बोल्टला अगदी किंचित जोर लागून बंद झाला की तिथेच डायची लॉक रिंग पक्की. टाइप ९९ चे चेंबर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी सढळ हाताने कापलेले असायचे, त्यामुळे एका रायफलीसाठी सेट केलेली डाय दुसरीला लावायची नाही.

मानेच्या जाडीचं ओहायोवाल्यांनी लिहिलंय त्याला जोड म्हणून, ३०० ब्लॅकआउट बनवणाऱ्यांनी हे तर दोनदा वाचावं. तिथे २२३ ची केस ४४.७ वरून ३४.७ मिमीला कापतात, म्हणजे खांदा आणि मान पूर्ण जाते आणि नवी मान सगळीच्या सगळी अंगाच्या भिंतीतून बनते. कुठल्या हेडस्टॅम्पची भिंत किती जाड हे बदलत जातं, काही केसेस चालतात आणि काही अजिबात चालत नाहीत. बादलीतून हाताला येईल ती उचलून कापली तर एखादी जाड मानेची मधे येणारच.

आणि ताणल्या गेलेल्या केसची तपासणी कुणी लिहिली नाही ती लिहितो. बारीक तार घ्या, टोकाला काटकोनात वाकवून टोक घासून धारदार करा, केसच्या आत घालून बुडापासून वर भिंतीवरून ओढत आणा. बुडाच्या थोडं वर तार खाचेत अडकली तर तिथे भिंत पातळ झाली आहे, ती केस संपली. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं पण ते दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, तार आधी सांगते. पॅरेंटपासून बनवलेल्या केसला पहिल्या फायरनंतर ही तपासणी मी प्रत्येकीला करतो, नंतर दर वेळी.

---

टेक्सासकर

सेरोसेफ ऑर्डर केलंय, शिशाच्या गोळीचा साचा .३३० चा शोधतोय, आणि मित्राच्या लेथवर रिमसाठी शनिवार ठरवलाय. चेंबर कास्टचा नेक व्यास आला की इथे टाकतो, मग मान किती टर्न करायची ते ठरवू. तोपर्यंत एकही केस कापणार नाही.

खडकीवाले काका, मान तापवताना बूड पाण्याच्या थाळीत ठेवून केस उभी केली तर चालेल का? बोटात धरायला थोडी आखूड वाटते.

---

खडकीवाला

चालेल. पाणी केसच्या निम्म्यापर्यंत ठेवा, ज्योत फक्त मानेवर आणि खांद्यावर, आणि थाळीत केस एका जागी उभी असते म्हणून ज्योत तुम्ही फिरवा, नाहीतर एकाच बाजूला नरम होईल. तापली की लगेच आडवी पाडा. डीप्राइम केलेलीच केस घ्या, नाहीतर पॉकेटमध्ये अडकलेला प्रायमर ज्योतीजवळ नको. आणि नंतर नीट वाळवा, फ्लॅश होलमध्ये (प्रायमर पॉकेटच्या तळाच्या भोकात) थेंब राहतो.

आकडा आला की टाका, वाट बघतो.